उताणा हात

गेल्या माघातली गोष्ट. सकाळचे सात वाजले असतील. बेळगावजवळच्या राजहंसगडावरचं धुकं अजून खाली शिवारात रेंगाळत होतं आणि आमच्या गावच्या मारुतीच्या देवळासमोर तीन पोरं ओळीनं बसवली होती. दोघांचे हात दोरीनं मागं बांधलेले. तिसरा लहान दिसला म्हणून असेल, त्याला बांधलं नव्हतं. भोवती पंचवीस-तीस माणसं आणि त्यातल्या निम्म्यांच्या हातात फोन. मी दूध घेऊन परतत होते. "बाई आल्या, बाई आल्या" म्हणत लोकांनी वाट करून दिली. चौतीस वर्षं इथल्या सरकारी मराठी शाळेत शिकवल्यावर गावात माणसाला नाव उरत नाही, बाई एवढंच उरतं. तो न बांधलेला मुलगा माझा. म्हणजे माझ्या वर्गातला. चौथीत होता तेव्हा बाकावरून त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते, आता वरच्या ओठावर कोवळी रेघ फुटली होती. कुणीतरी माझ्या हातात निगडीची ओली शिमटी दिली. "तुम्ही शिकिवलाय न्हवं ह्येला? तुम्हीच द्या दोन."

मी ती घेतली. नको म्हणायला हवं होतं हे आज कळतं. त्या क्षणी बोटं आपोआप मिटली, चौतीस वर्षांची सवय. मी काही बोलायच्या आत तो उभा राहिला आणि त्यानं उजवा हात पुढं केला. तळवा वर, अंगठा बाजूला दाबलेला, कोपर बरगडीला टेकलेलं, डावा हात पाठीमागं. माझ्या वर्गात हात असाच धरायचा असे. असा हात धरला की छडी हाडावर बसत नाही, हे मीच एके काळी मुलांना समजावून सांगितलं होतं, आणि त्यात आपण फार मायाळू आहोत असंही मला वाटायचं. सात वर्षांनी तो हात कुणी न सांगता तसाच्या तसा पुढं आला. मी मारलं. एकच. ओल्या काठीचा आवाज फार होत नाही. त्यानं हात काखेत दाबला, नाकातून एक श्वास सोडला, आणि त्याचा चेहरा सैल झाला. दुकानातली उधारी फेडून बाहेर पडणाऱ्या माणसाचा होतो, तसा.

तो चेहरा वर्षभर माझ्या डोळ्यांसमोरून हललेला नाही.

चोरी आमच्याकडंच झाली होती. विहिरीवरच्या मोटारीची केबल, स्टार्टरच्या पेटीपासून मोटारीपर्यंत साठ मीटर. आदल्या रात्री दहाच्या सुमाराला नाल्याकडून जळक्या प्लॅस्टिकचा वास आला होता. घशात चिकटून राहणारा, गोडसर, कडू. आमच्याकडं शिवारात हा वास आला की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. कुणाची तरी केबल गेली, आता ती जाळून आतलं तांबं काढायचं काम चाललंय, एवढं त्या वासावरून कळतं. सकाळी नाल्याकाठी काळ्या राखेचं कडं सापडलं, हात लावला तर अजून कोमट होतं. चार किलोच्या आसपास तांबं निघालं असेल. भंगारवाल्यानं पोरांना सोळाशे रुपये दिले होते, वाटणीला पाचशेच्या थोडे वर. आम्हाला नवी केबल आणायला सात हजार गेले. शेजारच्या बांधावरच्या काकांचीही तशीच गेली होती, आणि त्यांचा कोबी गड्डा धरायच्या ऐन वेळी दहा दिवस पाण्यावाचून राहिला. पान पिवळं पडून करपताना बघत बसण्यासारखं दुसरं दुःख नाही. काका मला म्हणाले होते, "बाई, शिक्षा नको म्हणणाऱ्यानं माझ्या बांधावर येऊन बसावं." मी जाऊन बसले होते. म्हणूनच पुढचं लिहिताना त्यांचं म्हणणं बाजूला सारून मला लिहिता येत नाही.

मुलाचं नाव मी इथं लिहिणार नाही. कायद्यानंही ते लिहायचं नाही. अठराच्या आतल्या मुलाची ओळख उघड करणं हाच मुळी गुन्हा आहे, आणि त्याला बेड्या घालायच्या नाहीत, कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायचं नाही, हेही कायद्यात स्पष्ट आहे. त्या सकाळी देवळासमोर आम्ही जे केलं, म्हणजे बांधणं, मारणं, फोनवर चित्रण करून गावभर पाठवणं, त्यातलं काहीच करायचा आम्हाला अधिकार नव्हता. पोरांनी रात्री एक कायदा मोडला, आम्ही सकाळी तीन-चार मोडले. माझा भाचा बेळगावात वकिली करतो. त्यानं हे सांगितलं तेव्हा मी त्याच्याकडं न बघता ताटातली भाकरी मोडत राहिले.

तो चौथीत असतानाची एक गोष्ट या प्रकरणानंतर मला सारखी आठवायला लागली. २०१३ पासून आमच्याकडं कर्नाटकात शाळेत मुलांना दूध मिळतं, क्षीरभाग्य योजनेतलं. दुधाच्या पावडरीची पाकिटं कोठीच्या खोलीत असायची, सकाळी मोठ्या पातेल्यात ती कालवून उकळायची. एकदा प्रार्थनेला हा मुलगा ओठ मिटून उभा होता. बाकीची गात होती, हा गप्प. जवळ गेले तर ओठांच्या कडांना पांढरी पूड, आणि तोंडात एवढा मोठा घास की टाळूला चिकटून बसलेला. मी दोन छड्या दिल्या. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच, पुन्हा दोन. तिसऱ्या वेळी तो आपणहून टेबलाजवळ आला आणि म्हणाला, "बाई, मी पावडर खाल्लो." आणि हात पुढं. मला त्या दिवशी कोण आनंद झाला होता! घरी येऊन ह्यांना सांगितलं, पोरगं खरं बोलायला शिकलं. दोनच्या जागी एकच छडी मारली, खरेपणाची सूट म्हणून.

आता मला दुसरंच दिसतं. त्या पोरानं भाव शोधून काढला होता. मूठभर पावडरीला दोन छड्या, आणि आपणहून सांगितलं तर एक. भूक लागल्यावर हा सौदा वाईट नव्हता. ती छडी त्याला भीतीपोटी लक्षात राहिली नाही, दर म्हणून राहिली. आणि या सगळ्या दोन महिन्यांत मी त्याला एकदाही विचारलं नाही की सकाळी काय खाऊन आलास. त्याची आई पहाटे पाचला कॅम्पातल्या बंगल्यांवर धुण्याभांड्याला जायची, बाप गोव्यात गवंडीकामावर, गणपतीला आणि यात्रेला घरी येणारा. हे मला माहीत होतं. गावात सगळ्यांचं सगळं माहीत असतं. पण छडी हातात असली की विचारायची गरजच पडत नाही, हा तिचा सगळ्यात मोठा दोष आहे असं मला आता वाटतं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं मुलांना मारायला बंदी केली होती, म्हणजे मी मारत होते ते सगळं त्या बंदीनंतरचं. तेही लिहून ठेवते.

मग मी वाचायला लागले. निवृत्त माणसाला वेळ असतो, आणि भाच्यानं फोनवर कसं शोधायचं ते दाखवलं होतं. इस्रायलमधल्या हैफा गावच्या पाळणाघरांचा एक प्रयोग सापडला, २००० साली तो प्रसिद्ध झाला. आईबाप मुलांना न्यायला उशिरा यायचे, म्हणून काही पाळणाघरांनी उशिराला दंड लावला. झालं उलटंच, उशीर करणारे वाढले. आधी मास्तरणीला ताटकळत ठेवल्याचा संकोच वाटायचा, आता पैसे भरले की संकोच संपला. आणि पुढं दंड बंद केला तरी उशीर काही कमी झाला नाही, गेलेला संकोच परत आला नाही. हे वाचून मी फोन उपडा ठेवला आणि बराच वेळ ओसरीवर बसून राहिले. पावडरीचे ते पांढरे ओठ समोर येत राहिले.

मी काही जन्मापासून मवाळ नाही. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत ते निर्भया प्रकरण घडलं तेव्हा शाळेच्या खोलीत पेपर वाचताना मीच सगळ्यांत मोठ्यानं बोलले होते, वय कसलं बघता, लटकवा सगळ्यांना. त्यातल्या अल्पवयीनाला तीन वर्षांचं सुधारगृह मिळालं, तो सुटला त्याच आठवड्यात, डिसेंबर २०१५ मध्ये, नवा बालन्याय कायदा राज्यसभेत मंजूर झाला, आणि १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. सोळा ते अठरा वयाच्या मुलानं अतिगंभीर गुन्हा केला असेल तर बालन्याय मंडळ त्याची समज तपासून त्याला मोठ्यांसारखं कोर्टात पाठवू शकतं. तेव्हा मला बरं वाटलं होतं. आजही त्या मुलीची आठवण झाली की मला माझ्या त्या बोलण्याची लाज वाटत नाही. पण पोरांना दहशत बसेल म्हणून मी त्या कायद्याच्या बाजूनं बोलत होते, आणि एवढ्या वर्षांत सोळा वर्षांचा एकही मुलगा मला असा भेटला नाही, ज्याला हा कायदा माहीत होता. ज्याची माहितीच नाही त्याला भ्यायचं कसं? देवळासमोरच्या गर्दीत एकजण म्हणत होता, "अठराच्या आत कायदा काय करत न्हाई, म्हणून माजल्यात." हे मोठ्यांचं गणित. पोरं रात्री केबल तोडताना जन्मतारीख मोजत नव्हती.

माझे सासरे वयाच्या नव्वदीत वारले. ते पोरांना दटावायचे, "धारवाडला पाठवीन!" लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, धारवाडला तर लोक शिकायला जातात, ही कसली धमकी? मग कळलं की मुंबई इलाख्यात १९२९ चा बोर्स्टल कायदा होता आणि धारवाडला बोर्स्टल शाळा होती, गुन्हा केलेल्या तरुण पोरांसाठी. त्याआधीपासून तर पोरांना फटके मारायची शिक्षा सरकारी कायद्यातच होती, १८६४ पासून. स्वातंत्र्यानंतर, १९५५ साली, फटक्यांचा कायदा रद्द झाला. एवढी वर्षं फटके आणि बोर्स्टल दोन्ही असताना बेळगाव परिसरातली पोरं चोऱ्या करत नव्हती काय? सासऱ्यांच्याच गोष्टींत आंबे, कोंबड्या, बैलांच्या घुंगुरमाळा आणि एकदा तर चक्क एका सावकाराची सायकल चोरलेली पोरं असायची. ते हसत सांगायचे.

आणि तुरुंगाची भीती म्हणाल, तर या सीमाभागात तिचं काय झालंय हे बाहेरच्या माणसाला पटकन समजणार नाही. आमच्याकडं हिंडलगा, म्हणजे बेळगावचा तुरुंग, हा शब्द दोन तऱ्हांनी उच्चारतात. एक खाली मान घालून. दुसरा मान वर करून. १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्धचं आंदोलन पेटलं, आसपासच्या गावांत गोळीबार झाला, माणसं गेली. माझा धाकटा भाऊ तेव्हा एकोणीस वर्षांचा. त्याला धरून नेलं. अकरा दिवसांनी तो हिंडलग्याहून आला तेव्हा वेशीवर हलगी होती, गळ्यात झेंडूचा हार होता, आणि आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. दाढी वाढलेली, अंगाला फिनेलचा वास, आणि डोळ्यांत मी आधी कधी न पाहिलेला ताठा. त्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या प्रत्येक पोराला तुरुंगात जावंसं वाटत होतं. मलाही. चोरी आणि सत्याग्रह एकाच पारड्यात तोलायचं पाप मी करणार नाही. पण भिंत तीच, गज तेच, जेवण तेच. माणूस आत जाताना आणि बाहेर येताना त्याच्याकडं कोण कसं बघतं, यावर त्या गजांचा धाक ठरतो, एवढं मी एकवीस-बावीसच्या वयात वेशीवर उभी राहून पाहिलंय.

म्हणून त्या चित्रणाचं जे झालं त्याचं मला नवल वाटलं नाही, दुःख वाटलं. शरमेनं मान खाली जावी म्हणून लोकांनी ते गावभर पाठवलं होतं. चार दिवसांनी शेजारच्या घरातल्या नातवानं मला फोन दाखवला. त्याच चित्रणावर कुणीतरी ढोलाचा ठेका चढवला होता, तिघांचे चेहरे हळूहळू मोठे होत पुढं येत होते आणि खाली आगीची चित्रं. माझाही हात त्यात आहे. शिमटी वर जाते तिथं ठेका थांबतो आणि पडते तिथं पुन्हा सुरू होतो. खाली पोरांनी भाऊ भाऊ म्हणून लिहिलेलं. गावानं जिला चव्हाट्यावरची अब्रू समजून हात घातला, ती त्यांच्या वयाच्या पोरांच्या जगात चलनातच नव्हती.

पोरं धरली त्याच दिवशी दुपारी आम्हाला पोलीस स्टेशनात जावं लागलं. एरवी लहान मुलाच्या किरकोळ गुन्ह्यात गुन्हा नोंदवत नाहीत, नुसती डायरीत नोंद करून त्याच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल मंडळाला पाठवतात. पण तिघांतला एक एकोणीस वर्षांचा निघाला, आणि मोठ्याबरोबर मिळून केलेला गुन्हा असेल तर नोंद करावी लागते. सगळं कन्नडमध्ये. माझी खात्याची कन्नड परीक्षा झालेली, मला वाचता येतं. त्या मुलाची आई भिंतीला टेकून उभी होती, कामावरून तशीच आलेली, बोटं साबणानं सुरकुतलेली. म्हणाली, "बाई, काय लिवल्यात ते सांगा की." मी एकेक ओळ मराठीत सांगत गेले. तारीख, केबल, मीटर, किंमत. मग तिच्या मुलाचा उल्लेख आला, कायद्याशी संघर्षात आलेलं मूल, मूळ शब्द 'मगु'. ती मला थांबवून म्हणाली, "मूल म्हटल्यात? चोर म्हटलं न्हाईत?" मी म्हटलं, न्हाई, मूलच. तिनं पदर तोंडाला लावला. सकाळपासून ती रडली नव्हती, तिथं रडली. ज्या भाषेशी आमचं एवढं भांडण, तिनं तिच्या पोराला त्या दिवशी जो शब्द दिला तो आम्ही देवळासमोर, आमच्या भाषेत, दिला नव्हता.

गावात पुढं दोन-तीन बैठका झाल्या. एकानं सुचवलं, पोरांना एकदा हिंडलग्याला नेऊन फाशीचा खांब लांबून दाखवा, आपोआप सरळ होतील. सूचना मनापासून होती. अमेरिकेत न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात १९७० च्या दशकात हेच केलं होतं. जन्मठेपेचे कैदी पोरांवर ओरडायचे, आत काय होतं ते अंगावर काटा येईल असं सांगायचे. बघणाऱ्यांना वाटलं, रामबाण सापडला. मग कुणीतरी नीट मोजलं. न नेलेल्या पोरांपेक्षा नेलेल्या पोरांनी पुढं जास्त गुन्हे केले. मी हे बैठकीत सांगितलं. "तिकडची पोरं येगळी बाई," असं उत्तर आलं. असतीलही. पण माझ्या वर्गात ज्यांनी सर्वांत जास्त छड्या खाल्ल्या, त्यांच्याच नावापुढं पुढच्या वर्षी पुन्हा छड्या होत्या, आणि ती पोरं तर इथलीच होती.

चोऱ्या थांबल्या त्या वेगळ्याच कारणानं, आणि हे काकांना श्रेय देऊन सांगायला हवं. त्यांनी आठ शेतकऱ्यांना जमवलं, पाळीपाळीनं रात्री शिवारात फेरी सुरू केली, दोन विहिरींवर कॅमेरे बसवले. मग पोलिसांच्या मागं लागून त्या भंगारवाल्याकडं तपासणी करायला लावली. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाराही कायद्यानं गुन्हेगारच, पण त्याला कुणी देवळासमोर बसवलं नव्हतं, त्याच्या हातावर कुणी शिमटी मारली नव्हती. जळलेलं काळं तांबं पोरांच्या हातून घेताना हे कुठून आणलं, एवढा प्रश्न त्या मोठ्या माणसानं विचारला असता तर नाल्याकाठी राख दिसली नसती. त्यानं घेणं बंद केलं आणि शिवारात तो वास यायचा थांबला. शिक्षेत तर काहीच वाढ झाली नव्हती. अडीचशे वर्षांपूर्वी इटलीतल्या बेकारिया नावाच्या माणसानं लिहून ठेवलंय की शिक्षा किती कडक यापेक्षा ती किती नक्की, यावर गुन्हा अडतो. १७६४ साली लिहिलेलं आमच्या काकांना कुणी वाचून दाखवलं नव्हतं. त्यांना ते करपलेल्या कोबीनं शिकवलं.

कायद्यानं पुढं काय केलं? दोघं लहान बालन्याय मंडळापुढं गेले. एक न्यायदंडाधिकारी, दोन समाजसेवक, बोलणं हळू आवाजात, असं माझ्या वर्गातल्या त्या मुलाच्या आईनं सांगितलं. लगेच जामीन मिळाला. मग तारखा. अशा किरकोळ गुन्ह्याची चौकशी चार महिन्यांत, फार तर आणखी दोन महिन्यांत संपवायची असते, नाही संपली तर प्रकरण आपोआप बंद होतं. ते बंद झालं. समुपदेशन नाही, समाजसेवा नाही, देखरेखीखाली ठेवणं नाही. त्या कायद्यात या सगळ्या चांगल्या गोष्टी आहेत, पण मुलापर्यंत त्यातली एकही पोचली नाही. म्हणजे त्या चोरीबद्दल त्याला मिळालेली एकमेव शिक्षा माझ्या हातची. एकोणीस वर्षांचा मात्र वीस दिवस हिंडलग्यात राहून आला. त्याच्यासाठी वेशीवर कुणी हलगी घेऊन गेलं नाही. आता तो गावात फारसा दिसत नाही, दिसला तर अनोळखी मोटारसायकलींवर, अनोळखी पोरांबरोबर. दोन वर्षांचं अंतर नव्हतं त्यांच्यात. कधी कधी रात्री मी त्या थोरल्याचाच जास्त विचार करते. त्याला मी शिकवलं नव्हतं, म्हणून त्याची काळजी करणारं गावात कुणी नाही असं वाटतं.

जत्रेत जुने विद्यार्थी भेटतात. पेरू चोरणारे, मास्तरांच्या सायकलची हवा सोडणारे, एकमेकांची डोकी फोडणारे. त्यातला एक उद्यमबागेत फाउंड्रीत फोरमन आहे, एक पोलिसात आहे, एक वडगावात यंत्रमागावर. पंधरा-सोळाला जे वारं अंगात शिरतं ते विशी ओलांडता ओलांडता बहुतेकांच्या अंगातून निघून जातं, आणि ज्यांनी देशोदेशीच्या पोरांची मोजदाद केली त्यांनाही हीच चढउताराची रेघ दिसली आहे. तेवढी चार-पाच वर्षं पोरगं सांभाळून पलीकडं कसं न्यायचं, हाच खरा प्रश्न. एखाद्याला त्या वर्षांतच कायमचा शिक्का बसतो आणि मग वारं गेलं तरी शिक्का राहतो.

वैशाखातली गोष्ट सांगायची राहिली. केबल वरून न नेता पाइपात घालून जमिनीत पुरायची असं ह्यांनी ठरवलं. साठ मीटरचा चर, दीड फूट खोल. आणि मला न विचारता हे त्या मुलाच्या घरी गेले. त्याच्या आईला म्हणाले, रविवारी पाठव. पैशाचं काही बोलणं नाही, शिक्षेचंही नाही. मला ते मुळीच आवडलं नव्हतं. लोक म्हणतील चोराला विहीर दाखवताय, अशी मी भांडले. पहिल्या रविवारी तो आला. दुसऱ्या रविवारी आला नाही, मला जरा बरंच वाटलं, आपलं खरं ठरल्यासारखं. तिसऱ्या रविवारी उन्हं चढल्यावर आला, गप्प, टिकाव घेऊन कामाला लागला. आमची माती उन्हाळ्यात दगडासारखी होते. टिकाव आपटतो, ठिणगी उडते, आणि मूठभर ढेकूळ निघतं.

मी दुपारी चहा आणि चिरमुरे घेऊन गेले. बांधावर आंब्याखाली तो बसला होता. मी शेवटी विचारलं, एकटा गेला असतास काय रे त्या रात्री? त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की हा काय प्रश्न झाला. "एकटा कशाला जाईन बाई?" गाडी चालवायच्या संगणकी खेळावर एक प्रयोग झाला होता, २००५ साली. मित्र बघत असले की पोरं एकटी असतानापेक्षा कितीतरी जास्त धोका पत्करतात, मोठ्या माणसांना तसा फरक पडत नाही. मी हे वाचलेलं त्याला काही सांगितलं नाही. त्यानं पेला धुऊन उपडा ठेवला. तळव्यांवर टिकावाचे फोड आले होते, दोन फुटलेले. त्यानं ते विजारीला पुसले आणि ह्यांना विचारलं, "मामा, अजून किती राहिलं?"

हे चराकडं बघत होते. खरं तर वीसेक मीटर राहिला असेल. पण पोरगं चराचं विचारत होतं की दुसरं काही, ते आम्हा दोघांनाही कळेना. हे माझ्याकडं वळले, जणू हिशेब माझ्याकडं असल्यासारखे. एके काळी असा प्रश्न आला तर माझ्याजवळ आकडा तयार असे. दोन. खरं बोलला तर एक. त्या दुपारी मला कुठलाच आकडा सांगता आला नाही. गडाच्या मागं वळवाचे ढग जमायला लागले होते. ह्यांनी खोऱ्यानं चरातली सुटी माती बाहेर ओढली आणि म्हणाले, "पाऊस पडायच्या आत पाइप टाकूया." तो उठला आणि पुन्हा टिकाव मारायला लागला.